साहेबांकडे

दादाची नोकरी गेली तेव्हा घरात कुणी रडलं नाही. रडायला सवडच नव्हती. बायकोच्या शाळेत परीक्षा चालू होत्या, मुलगी परगावी वसतिगृहात होती आणि वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. त्यांच्या डोळ्यात थेंब घालायचे, ते डोळा चोळत नाहीत ना यावर नजर ठेवायची, या गडबडीत दादाने बायकोला स्वयंपाकघरात गाठून हळूच सांगितलं, "मला नारळ दिला." तिने गॅस बारीक केला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आधी जेवून घ्या."

दादा औषधांच्या गोदामात होता. कुठला माल कुठल्या गाडीत जायचा, कुठला आधी आणि कुठला थंड पेटीतून, हे सगळं तो बघायचा. घरातला थोरला म्हणून धाकट्या भावंडांनी दादा म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव पुढे हमालांपासून मालकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. मग कंपनी विकली गेली. नव्या लोकांनी गोदाम शहराबाहेर नेलं, तिथे पट्ट्यावरून खोकी आपोआप सरकतात म्हणे. सरकवायला माणसांची गरज उरली नाही. पन्नाशी ओलांडलेल्या दादाने अर्ज केले, ओळखीपाळखी काढल्या, इस्त्रीचे शर्ट घालून चकरा मारल्या. सगळीकडे माणसं गोड बोलायची, पाणी विचारायची आणि "कळवतो" म्हणायची. कळवायचं कुणी नाही.

कुत्र्यामांजरांचं काम त्याने शोधलं नव्हतं, ते त्याच्या गळ्यात पडलं. बायकोची दाढ दुखत होती. ती जबडा उघडा ठेवून दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत पडलेली असताना बाई सहज म्हणाल्या, की दोन दिवस बाहेरगावी जायचंय आणि म्हाताऱ्या कुत्र्याला कुठे ठेवायचं कळत नाही. बायकोने तोंडातला कापूस काढून सांगितलं, "आमचे हे घरीच असतात."

हे वाक्य दादाला फार झोंबलं. पण तो गेला. एका घरातून दुसऱ्या घरात नाव गेलं. कुणी लग्नाला निघालं की दादाला फोन, कुणी बाळंतपणासाठी माहेरी गेली की दादाला फोन. चौथ्या मजल्यावरच्या हिशेबनिसाच्या दोन मांजरी होत्या, त्यातली एक कपाटावरून उतरतच नसे आणि दुसरी त्याच्या पोटऱ्या ओरबाडायची. एकीकडे कासव होतं. त्याच्याकडून निदान त्रास नव्हता, पण ते जिवंत आहे की नाही हे बघण्यातच दादाचा जीव अर्धा व्हायचा. खिशात परक्या घरांच्या किल्ल्या खुळखुळायच्या, पँटला केस चिकटायचे. संध्याकाळी घरी आला की बायको दारातच त्याला ब्रशने झाडायची.

डॉक्टरीणबाईंच्या कुत्र्याचं नाव साहेब. अंगाने जाड, रंगाने फिकट तपकिरी, तोंडाभोवती पांढरा झालेला. मागचे पाय निकामी होत चाललेले, त्यामुळे चालताना मागचा भाग एकीकडे झुकायचा. कुणाकडे बघायचा तेही असं, की समोरच्याने आपण उशिरा आलो की काय म्हणून घड्याळ बघावं.

दादाचे वडील सारी हयात सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. एकदा सकाळी चपला घालणाऱ्या दादाला त्यांनी विचारलं, "एवढ्या लवकर कुठे?"

नोकरी गेल्याचं त्यांना माहीत होतं, पण पुढचं सांगायला दादाची जीभ रेटेना. "साहेबांकडे," तो म्हणाला. तोंडातून निघून गेलं ते निघून गेलं.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "लागलं का काही काम? बरं झालं. साहेब कसे आहेत स्वभावाने?"

"कमी बोलतात."

"चांगलं. कमी बोलणारा साहेब केव्हाही बरा. वय?"

"झालंय बरंच. पाय दुखतात त्यांचे."

"मग जरा सांभाळून घेत जा. पाय दुखणारा माणूस चिडका असतो."

स्वयंपाकघरात बायकोने तोंडाला पदर लावला. रात्री ती म्हणाली, "सांगून टाका हो खरं. ते शेजाऱ्यांना सांगत सुटलेत." दादा म्हणाला, "सांगतो." आणि सांगणं रोज उद्यावर जात राहिलं.

मग डॉक्टरीणबाईंच्या आईला झटका आला. आई दूरच्या गावी, धाकट्या भावाकडे. बाईंनी दवाखान्याला कुलूप लावलं, बॅगेत हाताला लागतील ते कपडे कोंबले आणि किल्ली दादाच्या हातात दिली. "चार दिवसांत येते. त्याच्या गोळ्या डब्यात आहेत. एकटा राहात नाही तो, तेवढं बघा."

चाराचे किती झाले ते दादाने मोजायचं सोडून दिलं. दिवसा तो तिथेच असायचा आणि रात्रीही बाईंच्या सोफ्यावर पडायचा. घरी फक्त आंघोळीला जायचा. बाई गेल्यापासून साहेबाने अन्न जवळजवळ सोडलं होतं. भाताचा घास करून तोंडाशी धरला तर तो मान फिरवायचा. गोळी केळ्यात दडवली तर केळं खाऊन गोळी फरशीवर ठेवायचा, तीही अगदी स्वच्छ चाटून. बाहेर न्यायचं म्हणजे पोटाखालून जुना टॉवेल घालायचा, दोन्ही टोकं वर धरायची आणि मागचा अर्धा कुत्रा उचलून पायऱ्या उतरायच्या. उतरेपर्यंत धीर निघाला तर ठीक, नाहीतर जिन्यातच. मग वरच्या मजल्यावरची बाई कठड्यावरून वाकून विचारायची, "पुसणार आहात ना?"

"पुसतोय हो."

"फिनेल टाकून."

उजव्या बरगडीखाली चमक यायला लागली तेव्हा दादाला वाटलं, उचलाउचलीने शिरा ताणल्या असतील. त्याने मलम चोळलं. दोन दिवसांनी तिथे शर्ट टेकवेना. अंगात कणकण, डोकं जड, आणि पाठीपासून पोटापर्यंत कुणीतरी तापलेली तार ओढतंय असं वाटायचं. तिसऱ्या दिवशी बायको डबा घेऊन आली. तिने शर्ट वर केला आणि तोंडावर हात ठेवला. लाल चट्ट्यांवर पाण्याने भरलेले फोड उठले होते, एका रांगेत.

"नागीण आहे," कोपऱ्यावरचा डॉक्टर म्हणाला. "गोळ्या वेळेवर घ्या, खाजवू नका, विश्रांती घ्या. काही ताण आहे का डोक्याला?"

दादा हसला, आणि हसल्यावर बरगडीत अशी कळ आली की डोळ्यात पाणी उभं राहिलं.

"दुसऱ्या कुणालातरी बोलवा तिथे," बायको रस्त्यात म्हणाली.

"कुणाला? नवीन माणसाच्या हातून तो गोळी घेत नाही."

"त्याचं राहू दे. तुमच्या गोळ्या तुम्ही घेताय का?"

दादाने खिशातली गोळ्यांची पट्टी चाचपली. सकाळची राहिलीच होती.

अशात फोन आला. भाजीपाला आणि फळं ठेवायच्या मोठ्या शीतगृहातून. देखरेखीच्या जागेसाठी त्याने कधीतरी अर्ज टाकला होता, तो त्याच्या लक्षातही नव्हता. उद्या सकाळी या, म्हणाले. दादाने दिवस पुढे ढकलता येईल का विचारलं. उत्तर यायच्या आत तोच घाईने म्हणाला, "नाही नाही, येतो."

आता प्रश्न साहेबाचा. एकटा सोडला की तो दाराशी जायला धडपडायचा, गुळगुळीत फरशीवर पाय फाकायचे आणि तसाच पडून केकाटायचा. शाळेत पुन्हा परीक्षा लागल्या होत्या, बायकोला वर्गातून हलता येईना. राहता राहिले वडील. डोळा आता बरा होता, आणि बसून राहण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

"बाबा, उद्या जरा साहेबांकडे येऊन बसाल का?" दादाने विचारलं. "मला मुलाखतीला जायचंय."

"साहेबांकडे असताना दुसरीकडे मुलाखत?" वडिलांनी आवाज खाली आणला. "त्यांना माहीत आहे?"

"त्यांची काही हरकत नाही."

सकाळी म्हातारा तयार होऊन बसला होता. ठेवणीतला कोट, दाढी गुळगुळीत, बूट पुसून लख्ख. रिक्षात दादा तीनदा बोलायला गेला आणि तिन्ही वेळा वडिलांनीच काहीतरी विचारलं. साहेबांना हात मिळवायचा की नुसता नमस्कार? बोलण्याचा विषय कुठला काढू? शेवटी दारापाशी, कुलपात किल्ली घालता घालता, दादा दाराकडेच तोंड करून म्हणाला, "बाबा, साहेब म्हणजे कुत्रा आहे."

"असं बोलू नये रे," वडील म्हणाले. "कसाही असला तरी अन्नदाता आहे."

"तसं नाही. खराच कुत्रा आहे. मी कुत्री सांभाळतो."

दार उघडलं. साहेब चटईवर पडला होता. त्याने मान उचलली, म्हाताऱ्याकडे नेहमीसारखं बघितलं आणि पुन्हा खाली ठेवली. वडील कोटाच्या बटणाला हात लावून तसेच उभे राहिले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. दादाला वाटलं, आता हे मागे फिरतील आणि चालत घरी जातील.

"मला का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

"कुत्र्याची?"

"माझी."

वडील आत आले. खुर्चीवर बसले. बूट काढावेत की नाही ते त्यांना ठरवता येईना. मग त्यांनी कुत्र्याकडे निरखून बघितलं. "माझ्या सगळ्या साहेबांपेक्षा बराच दिसतो," ते म्हणाले. "जा तू. उशीर होईल."

मुलाखत घ्यायला दोघं होते, एक तरुण मुलगी आणि एक टक्कल पडलेले अभियंते. खुर्चीची पाठ नेमकी फोडांवर टेकत होती, म्हणून दादा पुढे सरकून कडेवर बसला. मुलीला वाटलं तो घाबरलाय. "आरामात बसा ना," ती म्हणाली. तो आरामात टेकला आणि त्याला दरदरून घाम फुटला. थंडाव्याबद्दल, गाड्यांबद्दल विचारलं ते त्याने नीट सांगितलं. मग मुलीने कागदावरून नजर वर केली. "नोकरी सुटल्यापासून काय करताय?"

यासाठी त्याने वाक्य घडवून ठेवलं होतं. सल्लागार म्हणून छोटी कामं बघतो, असं काहीतरी. पण त्या क्षणी त्याला त्या वाक्याचाच कंटाळा आला. अंग ठणकत होतं, तोंड कडू झालं होतं. "कुत्री-मांजरं सांभाळतो," तो म्हणाला. "लोकांची."

अभियंत्यांनी चष्मा काढून पुसला. मुलगी हसली नाही, हे खरं तर तिचं मोठेपण. तिने काहीतरी लिहून घेतलं. "आम्ही कळवतो," ती म्हणाली.

बाहेर बसथांब्यावर एक बस आली, तो उठला नाही. दुसरी आली, तीही सोडली. असं नाही की त्याला फार दुःख झालं होतं. दुःखालाही जोर लागतो. नुसतं बसून राहावं, कुणी कुठे बोलावू नये, कुणाला काही खायला घालायचं नसावं, एवढंच वाटत होतं. शेजारी बसलेल्या बाईने त्याच्याकडे दोनदा बघितलं आणि पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली. मग वडिलांची आठवण झाली तसा तो चटकन उठला.

घंटा वाजवली, कुणी दार उघडलं नाही. आतून काहीतरी घसरल्याचा आवाज आला. दादाने घाईने किल्ली फिरवली.

वडील जमिनीवर बसले होते. पाठ सोफ्याला टेकलेली, पाय लांब केलेले, एका पायात बूट आणि दुसरा बूट साहेबाच्या पुढच्या पंजांखाली. साहेबाचं डोकं त्यांच्या मांडीवर. कोट काढून कुत्र्याच्या अंगाखाली घातलेला. फरशीवर ओल पसरली होती आणि तिचा वास खोलीभर सुटला होता.

"बाबा! पडलात?"

"पडलो नाही. बसलो. तो पाण्याकडे जाताना घसरला, उठेना. ओरडायला लागला. म्हटलं, जरा जवळ बसावं. बसलो, तर मलाच उठता येईना."

"फोन करायचा!"

"टेबलावर आहे तो." वडिलांनी बोट दाखवलं. फोन हातभर उंचावर, सगळ्यांना दिसेल असा पडला होता. "मग आम्ही दोघं बसलो तुझी वाट बघत."

दादा त्यांना उठवायला वाकला आणि बरगडीतल्या कळेने मधेच अडकला. ना खाली जाता येईना, ना वर.

"आधी त्याला उठव," वडील म्हणाले. "माझ्या मांडीला मुंग्या आल्यात."

"मला कुणालाच उठवता येत नाहीये, बाबा."

"मग बस."

दादा बसला, ओल चुकवून, डाव्या अंगावर भार देत. तिघं बसून राहिले. खिडकीतून रस्त्यावरचे आवाज येत होते. वडिलांनी मुलाखतीचं विचारलं. दादा म्हणाला, "नाही व्हायचं." वडील म्हणाले, "बरं." मग ते म्हणाले, "तुझं अंग तापलंय. इथून कळतंय." त्यांनी हात लांबवला आणि दादाच्या कपाळाला उलटा लावला, लहानपणी लावायचे तसा. दादाने डोळे मिटले. आपल्याला कुणीतरी हात लावून बघावं असं किती दिवस वाटत होतं, हे त्याला तेव्हाच कळलं. रडलं तर बरगडी दुखेल म्हणून तो श्वास रोखून बसला.

शेवटी जमवलं तेही कसंबसं. वडील आधी रांगते झाले, सोफ्याला धरून गुडघ्यावर आले आणि "हुश्श" करत उभे राहिले. मग दोघांनी टॉवेलची दोन टोकं धरली आणि साहेबाला चटईवर नेलं. फरशी पुसायला दादा बादली आणायला गेला, तर वडिलांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. "तू पड," ते म्हणाले. एका पायात बूट घालून त्यांनी वाकत, धापा टाकत सगळं पुसलं. फिनेल टाकून.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा दादा सोफ्यावर कुशीला पडला होता.

"आई गेली," त्या म्हणाल्या. "सकाळीच."

दादा उठून बसला. "अरेरे," तो म्हणाला.

"मला अजून थोडे दिवस लागतील. भावाचं घर, सगळं आवरायचंय. तुम्हाला जमेल ना? मी फार गृहीत धरतेय तुम्हाला, कळतंय मला." त्यांचा आवाज फुटला. "साहेब कसा आहे?"

जमणार नाही, मी आजारी आहे, हे दादाच्या ओठांवर होतं. त्याने चटईकडे बघितलं. वडील खुर्ची ओढून कुत्र्याजवळ बसले होते आणि त्याला भाताचे घास भरवत होते. एक घास कुत्रा नाकारायचा, वडील म्हणायचे, "बरं, विचार करा साहेब," आणि तोच घास जरा वेळाने पुन्हा पुढे करायचे. कुत्रा खायचा.

"जेवतोय," दादा म्हणाला. "तुम्ही या सावकाश."

फोन ठेवल्यावर वडील मान न वळवता म्हणाले, "उद्यापासून मी येतो तुझ्याबरोबर. तू झोपत जा."

"तुम्हाला कशाला त्रास?"

"घरी तरी मी काय करतो? भिंतीकडे बघतो. डोळा बरा झाल्यापासून तर त्या भिंतीचे पोपडेच दिसतात."

तसंच झालं. रोज सकाळी दादा घरी आंघोळ उरकून वडिलांना बरोबर घेऊन यायचा. वडील कोट घरी ठेवायला लागले, बुटाऐवजी चपला घालायला लागले. वर्तमानपत्र साहेबाला वाचून दाखवायचे आणि मधेमधे थांबून त्याचं मत घ्यायचे. दादा सोफ्यावर झोपायचा. आधी पडल्या पडल्या दचकून उठायचा, कुणी पडलं का, कुणी मुतलं का. मग हळूहळू गाढ लागायला लागली, दुपार दुपार. फोड सुकले, खपल्या धरल्या. दुखणं तेवढं राहिलं. डॉक्टर म्हणाला, ते महिनोन्महिने राहतं कधीकधी. बायको शाळेतून येताना डबा आणायची आणि तिघं मिळून बाईंच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या जेवायचे. शेजाऱ्यांना वडील आता काय सांगतात, हे दादाने विचारलं नाही.

एका दुपारी तो झोपेत असताना शीतगृहातून फोन आला. वडिलांनी उचलला आणि आपल्या जुन्या कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "ते झोपले आहेत. नाही, उठवता येणार नाही. निरोप सांगा."

संध्याकाळी दादा उठला तेव्हा त्यांनी निरोप दिला. देखरेखीची जागा दुसऱ्याला गेली. पण दारावर माल उतरवून घेणारा माणूस हवाय, दुपारच्या पाळीला, सहा महिन्यांपुरता. हवं असेल तर कळवा.

"अहो, मग उठवायचं ना मला!" दादा ओरडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला होता. "एवढ्यात दिली असेल दुसऱ्याला!"

"दिली तर दिली," वडील म्हणाले. "झोपला होतास."

दादाने फोन लावला. कचेरी बंद झाली होती. ती रात्र त्याने या कुशीवरून त्या कुशीवर काढली. दारावर माल उतरवून घ्यायचा, म्हणजे पूर्वी त्याच्या हाताखालची माणसं करायची ते. पगार निम्म्याच्याही आत असणार. आणि तेही हातचं गेलं असेल तर?

सकाळी त्या मुलीनेच फोन उचलला. जागा अजून होती. "सोमवारी रुजू व्हाल?" तिने विचारलं.

होकार त्याच्या तोंडापर्यंत आला होता. आजवर कुणीही कधीही बोलावलं की तो "हो" म्हणून उठला होता. बरगडीत बारीक ठणका होता, आणि आत कुठेतरी त्याहून जुना थकवा, जो दुपारच्या झोपांनी नुकता कुठे हलायला लागला होता.

"मी आजारी आहे," तो म्हणाला. "मला अजून आठवडा लागेल."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. कुणाशी तरी हळू बोलणं झालं. दादा फोन कानाला घट्ट धरून उभा होता.

"चालेल," मुलगी म्हणाली. "पण स्वेटर आणा. दारातही फार गार असतं."

त्याने फोन खिशात ठेवला, वडिलांना खुणेनेच "झालं" म्हणून सांगितलं, आणि डाव्या कुशीवर वळून पुन्हा पडला.